घर ओढायचा दिवस

माझ्याकडच्या फॉर्मात तीनच चौकोन होते:
पडलं, अर्धं पडलं, पडलं नाही.
एदेल्मिरा लेविकोयचं घर तिसऱ्यात गेलं,
आणि तिसऱ्या चौकोनाला छदामही मंजूर नव्हता.

घर उभंच होतं. जमीन खाली बसली होती.
भूकंपानं चिलोएच्या त्या बेटाची कड
ओल्या पावासारखी दाबली होती, हातभर,
आणि भरतीचं पाणी आता दिवसातून दोनदा
चुलीपर्यंत येऊन चौकशी करून जायचं.
"पाहुणा आहे, पण बूट काढत नाही मेला," ती म्हणाली,
आणि मी नको नको म्हणत असताना
बटाट्याची भाकरी माझ्या फॉर्मावरच ठेवली.
तेलाचा डाग अजून आहे.

मी राजधानीतून आलेला.
मला वाटलं, अर्ज वर जाईल, उत्तर खाली येईल.
तिनं अर्ज केला नाही.
रविवारी डोक्याला रुमाल बांधून दारोदार गेली,
ज्यांना दार उरलं नव्हतं त्यांच्या ताडपत्रीपाशीही,
आणि सगळीकडे एकच वाक्य बोलली.
तिकडे त्याला मिंगा म्हणतात.
म्हणजे इर्जिक:
हातच हातउसने घ्यायचे, कधीतरी फेडायचे,
मध्ये पोटभर जेवण.

ताडपत्रीखालचेही आले.
हे मला समजेना.
त्यांच्या नावापुढे मीच फुली मारली होती, पहिल्या चौकोनात,
आणि हे चालले दुसऱ्याचं धड घर वाचवायला.
माझं तोंड उघडं बघून ओर्तेन्सिया म्हणाली,
"एक तरी उभं राहू दे की गावात.
बघायला."

दारं काढली, खिडक्या काढल्या.
धुराडं, आरसा, शिवणयंत्र गवतावर मांडलं,
आरशात ढग, आणि एक कोंबडी
स्वतःशीच भांडत.
घराखाली ओंडके सारले. बैलांच्या सहा जोड्या जुंपल्या.
सातवी कमी पडत होती.

सातवी रोसेंदोकडे होती.
रोसेंदो रेमोल्कोय अकरा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता,
टेकाडावरच्या जमिनीच्या एका पट्ट्यापायी.
तो आला. टोपी काढली नाही.
बोलला फक्त बैलांशी.

कुणीतरी हाळी दिली.
घर आधी कण्हलं,
भिंतीवरच्या लाकडी खपल्या माशाच्या खवल्यांसारख्या शहारल्या,
आणि मग ते निघालं,
बाळंतिणीसारखं, जपून, एकेक वीत.

ओढ्यापाशी रुतलं.
एक दोर तुटला, तीन माणसं चिखलात बसली,
हसली,
आणि गाठ मारलेल्या दोरावर एक जागा रिकामी राहिली.
मी फॉर्मांची पिशवी कुणाकडे दिली, आठवत नाही.
दोर ओला होता. तो तळहाताला धरतो,
आपण त्याला धरत नाही.
माझ्या पुढच्या माणसाच्या मानेवर मीठ सुकलेलं.
त्याचं नाव मी सकाळीच लिहिलं होतं, चुकीचं.

टेकाडावर सपाट जागा एकच.
तोच पट्टा.
तिथे रोसेंदोचे बैल थांबले.
की त्यानं थांबवले,
यावर गावात अजून मतभेद आहेत.
एदेल्मिरानं पहिलं ताट त्याला वाढलं:
खड्ड्यात शिजलेले शिंपले, डुकराचं मांस, बटाटे.
त्यानं ते खाल्लं. आणखी मागितलं.
एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी माझी बोटं मिटेनात.
'मदत करणारी संस्था' या रकान्यात
बोटभर जागा होती.
मी नावं लिहायला घेतली.
रकाना संपला, समास संपला, कागद उलटला,
बैलांपर्यंत आलो तेव्हा शाई संपली.
तो फॉर्म परत आला: अपूर्ण.

जुन्या जागी तीन दगडी पायऱ्या राहिल्या.
त्या न्यायच्या कुणाला सुचलंच नाही.
ओहोटीला उघड्या पडतात.
एदेल्मिरा बादली घेऊन शिंपले वेचायला उतरते,
आणि परतताना, चुकून की काय,
वरच्या पायरीवर पाय पुसते.